इंदुमतीची शंभर पावलं

“काका, तुमची कालची शंभर पावलं नोंदली गेली नाहीत. माझ्यासमोर चाला बघू,” आरोग्य मोहिमेच्या नसीमताईंनी दारातली चटई सरळ केली. ही चटई माणसाला चालीवरून ओळखायची आणि जो चालेना, त्याला गाडी शिबिरात घेऊन जायची.

दत्तारामांनी आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं. आत त्यांची बायको इंदुमती चार महिने अंथरुणाला खिळली होती. तिच्या नावाची पावलं रोज तेच टाकत होते, तिच्यासारखा डावा पाय ओढत.

“काकू कुठायत?”

“देवळात गेलीय.”

आपण पूर्वी कसे चालायचो ते आठवत दत्ताराम चटईवर जपून चालले.

चटई गोड आवाजात म्हणाली, “शाबास, इंदुमतीताई.”

आतल्या खोलीतून इंदुमतीने क्षीण आवाजात ओ दिली.