पाच पावलं

झिंगूचं डोकं जिराफाच्या गुडघ्याला जेमतेम लागलं. आकाशपाळण्यासमोरच्या पाटीवर तो जिराफ रंगवला होता आणि त्याच्या छातीशी लाल रेघ होती. रेघेखालच्यांना प्रवेश नाही.

"घरी नेऊन वाढवून आणा," गळ्यात शिट्टी अडकवलेला रखवालदार म्हणाला.

दिव्यानीला हसू आलं नाही. पार्कातलं हे चौथं ठिकाण. नावेच्या झोक्याला नाही म्हणाले, गोल फिरणाऱ्या गाड्यांनाही नाही. हवेच्या गादीवर घेतलं, पण तिथं थोराड पोरं उड्या मारत होती. झिंगू पापडासारखा वर उडाला, तेव्हा तिनंच त्याला ओढून बाहेर काढलं.

"एवढं मोठं पार्क, अन् दोन फुटाच्या माणसाले जागा नाई," मागून लंगडत येणारी सासू म्हणाली. "आपल्या घरी मच्छरालेबी जागा हाय."

"आई, तुमाले मस्करी सुचते."

"मंग काय रडू?"

रडायला दिव्यानी होती. झिंगूचं कागदावरचं नाव राजदीप, वय अडीच वर्षं. घरात नीट चालायचा. पण अंगणवाडीच्या ताईंनी गेल्या आठवड्यात तिला बाजूला घेतलं होतं. बाकीची पोरं मैदान पालथं घालतात, हा चार-पाच पावलं जातो आणि थांबतो. मागं पाहतो. पुढं जातच नाही. "दाखवून घ्या एकदा," ताई म्हणाल्या. सोमवारी नागपूरच्या डॉक्टरची तारीख होती. त्याआधी दिव्यानीला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं, मोकळी जागा मिळाली तर पोरगा पळतो की नाही.

गावात मोकळी जागा म्हणजे जंगलाची कड. पोळ्याच्या सुमारास बिबट्यानं त्यांच्याच अंगणातून कुत्रं उचललं होतं, तेही भर दुपारी. नवरा हार्वेस्टर घेऊन तेलंगणात. दिव्यानी सकाळच्या जीपनं ब्रह्मपुरीला झेरॉक्सच्या दुकानात जायची ती दिवस बुडता बुडता परतायची. अंगणवाडी सुटली की दिवसभर पोरापाशी एकटी सासू, रुखमा, आणि तिचा तो न वाकणारा गुडघा.

"एकट्या कश्या सांभाळता वो?" दिव्यानी विचारायची.

"शहाणा हाय माया राजा. मांडवात खेळते. कुठी जाते?"

ते खरंच होतं. जीप वळणावर हॉर्न द्यायची आणि दिव्यानी घरी पोचेस्तोवर झिंगू उंबऱ्यावर शहाण्यासारखा बसलेला असायचा. मांडवाच्या मेढीला बकरी बांधायचा तो जुन्या लुगड्याचा हिरवा काठ गुंडाळून ठेवलेला असायचा. चूल पेटलेली असायची. सासू म्हणून रुखमात नाव ठेवायला जागा नव्हती.

कँटीनच्या मागं शेवटी ती जागा सापडली. चारी बाजूंनी जाळी, खाली प्लास्टिकचं हिरवं गवत, कमरेएवढी घसरगुंडी. कोणाचं लक्षच नव्हतं तिकडं. दिव्यानीनं जाळी हलवून पाहिली. सवयीनं पलीकडची झुडपंही पाहून घेतली. मग झिंगूला कडेवरून दाराच्या आत उतरवलं आणि त्याच्यापुढं लाल चेंडू सोडला. चेंडू घरंगळत पार टोकाच्या जाळीशी गेला.

"जाय बेटा, आण!"

झिंगू निघाला. दिव्यानी मोजू लागली. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचव्या पावलाला तो पोट पुढं काढून थांबला. वाऱ्याला रेलावं तसा थोडा पुढं रेलला. चेंडूकडं हात लांब केला. मग मागं वळून आजीकडं पाहिलं.

"जाय ना! काऊन थांबला? जाय ना रे!"

तो थोडा बाजूला सरकला, पुन्हा निघाला आणि पुन्हा तितक्याच अंतरावर थांबला. हात तसाच चेंडूकडं. तोंड वाकडं व्हायला लागलं.

"पाय चांगले हायेत," दिव्यानीचा आवाज फाटला. "डोक्यातच काईतरी हाय याच्या. आई, पाह्यलं ना तुमी?"

रुखमानं पाहिलं होतं. जाळीला धरत ती दाराशी आली आणि दार ढकलून आत गेली.

"ओ आजी, मोठ्या माणसाईले आत मनाई हाय!" फिरत तिकडं आलेल्या रखवालदारानं शिट्टी वाजवली.

तिनं ऐकलंच नाही. झिंगूच्या मागं ती खाली बसली, दुखरा पाय लांब पसरून. त्याचा सदरा वर केला. पाठीमागं, कमरेच्या उघड्या कातडीवर तिची बोटं काही वेळ खुडबुडली. मग तिनं हवेतच एक झटका दिला.

"सुटला माया राजा. आली तुई माय. जाय!"

झिंगू पळाला. सहा, सात, आठ, दिव्यानीला पुढं मोजताच आलं नाही. तो चेंडूपाशीही थांबला नाही. टोकाच्या जाळीवर दोन्ही हात आपटून वळला, खदखदत परत पळाला, पडला, उठला, घसरगुंडीला वळसा घालून पुन्हा पळाला.

दिव्यानी रडत होती, टाळ्या पिटत होती. "पळते वो! आई, पळते तो! काय केलं तुमी?"

रुखमानं मान वर केली नाही. त्या प्लास्टिकच्या गवतावर बसल्या बसल्या तिचा उजवा हात डाव्या पंज्याभोवती फिरत होता. रोज संध्याकाळच्या सवयीनं ती काहीतरी गुंडाळत होती.

हातात काहीच नव्हतं.

दिव्यानीच्या टाळ्या थांबल्या. बकरी तर त्यांनी दिवाळीतच विकली होती.