घरगुती शब्द

छापून आलेल्या प्रतिज्ञेवरून फिरणारं खरमाटेबाईंचं बोट चौथ्या ओळीवर अडलं. त्यांनी भाषांतरात लिहिलेला ‘सचोटी’ तिथे नव्हता. त्याच्या जागी ‘एकात्मता’ बसली होती.

“साहेब, इंग्रजीत दोन्हींना इंटिग्रिटीच म्हणतात. पण एकात्मता देशाची असते. माणसाची असते ती सचोटी.”

“सचोटी फार घरगुती वाटतो हो, बाई. भाषा आता अभिजात झालीय, शब्दही भारदस्त नको?” साहेब फेटा सावरत म्हणाले. “आणि कोणाच्या लक्षात येणार आहे?”

बाई आपल्या टेबलाशी परतल्या. कार्यालयाच्या भाषांतर शाखेत पूर्वी पाच जण होते. एकेका शब्दावरून दुपारभर भांडायचे आणि चहा मात्र एकत्र प्यायचे. आता त्या एकट्याच उरल्या होत्या. भांडायचं म्हटलं तरी समोर चार रिकाम्या खुर्च्या.

सभागृहात अभिजात मराठीचा सोहळा रंगला. नऊवारी मिरवून झाल्या, पोवाडा झाला. मग नव्या आचारसंहितेची प्रतिज्ञा घ्यायला सगळे उजवा हात पुढे करून उभे राहिले. दोनशे माणसं एका सुरात वाचत होती आणि बाईंचा आवाज त्यात कुठेतरी मिसळून गेला होता.

चौथी ओळ आली. “माझ्या कामात मी नेहमी...”

सगळे एकात्मता म्हणाले. बाई सचोटी म्हणाल्या.

कोणी वळूनही पाहिलं नाही. फक्त त्यांचा शब्द एका अक्षराने आखूड होता. बाकीचे ‘राखीन’पर्यंत पोहोचेतो त्या तिथे एकट्याच थांबल्या.