मागची सीट

जुनं लष्करी प्रशिक्षणाचं विमान त्याने भंगारातून उचललं, तेव्हा बायकोने कपाळाला हात लावला. नुसतं दुरुस्त केलं असतं तर वर्षभरात उडालं असतं. पण त्याला त्या विमानाचा एक दुर्मीळ प्रकार हवा होता, मागे तोंड करून गोळ्या झाडणाऱ्या नेमबाजांच्या सरावासाठी मोजकाच बनवलेला. त्यासाठी मागच्या, म्हणजे शिक्षकाच्या सीटपुढचा विमान चालवायचा दांडा काढला, पेडलं काढली आणि सीट शेपटीकडे तोंड करून बसवली. चार वर्षं त्यात गेली.

"एवढा अट्टहास कुणासाठी?" बायको विचारायची.

"आहेत एक जण."

तीस वर्षांपूर्वी हवाई दलात शिकताना याच विमानात दर वेळी उतरायची वेळ आली की शिकवणारे सर मागच्या दांड्याने ताबा घ्यायचे आणि ओरडायचे, "हात मांडीवर ठेव, गाढवा!" एकदाही त्याला उतरवू दिलं नाही. शेवटी शेरा मारला, 'विमान उतरवता येत नाही', आणि घरी पाठवलं. पुढे त्याने नागरी परवाना काढला, पण तो शेरा काही पचला नाही.

पहिल्या उड्डाणाला त्याने सरांनाच मानाने बोलावलं. "शेवटी माझ्याशिवाय जमलं नाहीच ना!" म्हणत म्हातारबुवा ऐटीत चढले. उलटी सीट बघून चपापले, पण एवढ्या लोकांसमोर माघार कशी घेणार?

विमान उतरायला लागलं. सरांना धावपट्टी दिसेना, तशी मागून किंकाळी आली, "अरे, माझा दांडा कुठाय?"

 

"हात मांडीवर ठेवा, सर."