तीनशे पंधरा ग्रॅम

पडद्यावर चार पट्ट्या होत्या आणि चौथी सगळ्यांत बुटकी होती. तिनं लेझरचा लाल ठिपका नेमका त्या पट्टीच्या डोक्यावर ठेवला.

"ही त्या घरातली गृहिणी," ती म्हणाली. "स्वयंपाक तीच करते, वाढते तीच, आणि सगळ्यांत कमी जेवतेही तीच. नवऱ्याच्या निम्म्याहूनही कमी."

अन्नसंस्कृतीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं हे शेवटचं सादरीकरण होतं. एका कुटुंबाच्या स्वयंपाकघरात तिनं एकवीस संध्याकाळी काढल्या होत्या. आधी शिजलेल्या पातेल्याचं वजन, मग प्रत्येकाच्या भरल्या ताटाचं, मग उष्ट्याचं. एकेक ग्रॅम दाखवणारा काटा ती रोज पिशवीतून घेऊन जायची.

ते कुटुंब आज दुसऱ्या रांगेत बसलं होतं. तुमच्याच घराची गोष्ट आहे, या, असा आग्रह तिनंच केला होता. काका सुट्टी टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मधे त्यांची आई, पलीकडे काकू, मांडीवर पर्स. मुलगी शाळेत गेली होती.

"ही उपासमार कुणी लादलेली नाही," ती म्हणाली. हे वाक्य तिनं चारदा खोडून पाचव्यांदा पक्कं केलं होतं. "ती बाईच्या अंगवळणी पडली आहे. आणि एकाच टेबलाशी बसूनही घरातल्यांच्या ती लक्षात येत नाही."

आजींना कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्यांची कुजबुज सभागृहभर ऐकू जायची. "काय म्हणतेय ही? आपण सुनेला उपाशी ठेवतो?"

"आई, हळू."

"हळू काय! पोरगी चारचौघांत अब्रू काढतेय, आणि मी हळू बोलू?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. काकांची मान खाली गेली. काकूंनी पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली. तिला ते दिसलं. निष्कर्ष बोचरा आहे म्हणून तर महत्त्वाचा आहे, असं मनाशी म्हणत तिनं पुढची आकृती लावली.

"थांबा," बाहेरून आलेल्या परीक्षक बाई म्हणाल्या. "रोज सरासरी शिजायचं किती?"

"बावीसशे ग्रॅम."

"उरायचं?"

"काहीच नाही. पातेलं पुसून रिकामं व्हायचं."

"मग चौघांची बेरीज करा पाहू."

तिनं फळ्यावर मांडलं. काका सहाशे वीस, आजी साडेचारशे, मुलगी पाचशे दहा, काकू तीनशे पाच. एकूण अठराशे पंच्याऐंशी. तिचा हात तिथेच थांबला.

"तीनशे पंधरा ग्रॅम कुठे गेले?"

"थोडी वाफ... थोडं डावाला चिकटतं..."

"रोज पाव किलोच्या वर? डाव आहे की फावडं?" हशा ओसरल्यावर बाई म्हणाल्या, "मी मूळची रसायनशास्त्राची. जेवढं आत गेलं तेवढं बाहेर दिसलं पाहिजे. हे कुठे गेलं ते कळल्याशिवाय मी सही करणार नाही. प्रबंध पुढच्या वर्षी."

तिनं बेरीज पुन्हा करून पाहिली. तीच आली.

दुसऱ्या रांगेत काकू उभ्या राहिल्या.

"मी सांगू का, बाई? मागच्या दाराशी मांजर येतं. त्याला घालायचे मी, हिची पाठ वळली की. पोरीचं काही चुकलेलं नाही."

"आपल्याकडे कुठलं आलंय मांजर?" आजी म्हणाल्या.

काकांनी मान वर केली. "येतं ना, आई. करडं."

आजींनी लेकाकडे पाहिलं. मग सुनेकडे, मग फळ्यापाशी घामाघूम झालेल्या पोरीकडे.

"हां, ते होय," त्या म्हणाल्या. "येतं खरं. मेलं भारी खादाड आहे."

सगळे हसले. परीक्षक बाईही हसल्या. "ठीक आहे. मग तशी तळटीप द्या आणि आटपा." त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

ती फळ्याकडेच पाहत राहिली. तीनशे पाच आणि तीनशे पंधरा. दोन्ही मिळून सहाशे वीस, बरोब्बर काकांच्या ताटाएवढं. त्या घरात मांजर नव्हतं. मागचं दारही नव्हतं. घर तिसऱ्या मजल्यावर होतं.

पहिल्याच दिवशी तिनं काकूंकडून शब्द घेतला होता. रोजच्याएवढंच शिजवायचं, माझ्यासाठी मूठभरही वाढवायचं नाही, नाहीतर नोंदी बिघडतील. काकूंनी तो पाळला. ज्यांच्या घरी जाल त्यांच्याबरोबर जेवा, पुढ्यात आलेलं नाकारू नका, हा अभ्यासाचा दुसरा नियम. तो तिनं स्वतः पाळला. एकवीस दिवस त्या टेबलावर पाच ताटं मांडली जात होती. पाहुणीचं सगळ्यांत आधी, वाफाळतं. ते तिनं एकदाही काट्यावर ठेवलं नव्हतं. निरीक्षकाचं कसलं वजन करायचं? "पुरेल ना गं तुला?" काकू रोज विचारायच्या. "पुरेल," असं म्हणून ती काकूंचं ताट काट्यावर ठेवायची आणि आकडा लिहून घ्यायची. दोघींत मोठा वाटा पाहुणीचा होता, दहा ग्रॅमनी.

काकू तिला डोळ्यांनी खुणावत होत्या: चल, पुढे चल.

पेन कागदावर टेकलं.

"बाई, सही करू नका," ती म्हणाली. "ते मांजर मीच आहे."