फाइल आईच्या नावावर

आईची जनुकांची फाइल इस्पितळातून चोरीला गेली आणि महिनाभरात शाल्मलीचं वैमानिकाचं काम सुटलं. आईचा स्मृतिभ्रंश तिच्याही रक्तात आहे, तो एकेचाळिसाव्या वर्षी सुरू होईल, हे आता कुणालाही वाचता येत होतं. शाल्मली छत्तीस वर्षांची होती.

"मीच दावा लावते," ती वकीलबाईंना म्हणाली.

"फाइल आईंच्या नावावर आहे. तक्रार त्यांनीच स्वतःच्या तोंडाने सांगायला हवी. मुखत्यारपत्र चालत नाही," कारखानीसबाई म्हणाल्या.

शाल्मलीने पंधरा दिवस आईकडून एकच वाक्य घोकून घेतलं: इस्पितळाने माझी माहिती सांभाळली नाही. सुनावणीला जाताना रिक्षात आईने ते तीनदा बिनचूक म्हटलं.

लवादाच्या अधिकाऱ्याने हळुवारपणे विचारलं, "आजी, इस्पितळाबद्दल तुमची काय तक्रार आहे?"

आई गोंधळली. शाल्मलीने टेबलाखाली तिचा हात घट्ट दाबला. आईने वळून तिच्याकडे निरखून पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला.

"तक्रार कसली? फार चांगली माणसं आहेत हो तिथली. ही नर्ससुद्धा बघा, सारखी माझा हात धरून असते."

अधिकाऱ्याने शब्दन् शब्द लिहून घेतला.