तुलनेला एक दूध

"बाटल्यांवर नुसते आकडेच?" सिद्धेशनं विचारलं.

"नाव कळलं की मन झुकतं," स्वरूपा म्हणाली. "आकडा बरा."

"व्हय बाई. परीक्षेला हॉल तिकीट चारदा बघणारी तू. बदललीस न्हाईस."

ती हसली नाही. चार बाटल्या टेबलावर एका ओळीत लावल्या. तीन भरलेल्या, चौथी अर्धी.

तिच्या लेकीला, अदितीला, आठवा महिना लागला होता. दोन महिने वजन सहा किलोवरच अडलं होतं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, टॉनिक दिलं, आणि पोटात काय जातंय ते बघा म्हणाले. अंगावरच्या दुधाशिवाय फक्त नाचणीची खीर जात होती. खीर दुधातली. म्हणून मग संशय दुधावर.

बेळगुंदीचा भावकू म्हशीचं दूध घालायचा. स्वरूपानं आधी त्याचं बंद केलं, आणि का केलं ते गल्लीतही सांगितलं. अनगोळातल्या तिच्या गल्लीतल्या सहा घरांनी त्याला नको म्हटलं. तो किटली घेऊन फाटकाशी उभा राहिला होता.

"आक्का, माझी नातवंडं ह्येच दूध पित्यात. त्यास्नी काय झालं न्हाय. तुमच्या लेकराला मी वाईट घालीन व्हय?"

"बघू," म्हणून तिनं दार लावलं. तिला वाईट वाटलं नाही. हल्ली तिला काहीच वाटत नसे.

मग पिशवीतलं दूध झालं. मग शेजारच्या सुवर्णाकाकूंच्या गाईचं. वजनाचा काटा हलला नाही.

सिद्धेश तिच्याबरोबर बी.एस्सी.ला होता. आता बेळगावातच एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत होता. फोनवर सगळं ऐकून म्हणाला होता, "सगळी संशयातलीच आणू नको. तुलनेला एक दूध असं आण, ज्याच्यावर डोळे झाकून विश्वास हाय."

यंत्र खोक्याएवढं होतं. दुधावरची साय काढायची, दूध गाळायचं, त्यावर डोळ्याला न दिसणारा जांभळ्यापलीकडचा उजेड सोडायचा. दुधात जे असेल ते आपला उजेड परत देतं. त्याची रेघ पडद्यावर चढते.

"चौथ्यात पाणी लई घातलंय बघ," बाटली हलवत सिद्धेश म्हणाला. "निळसर दिसतंय."

स्वरूपानं बाटली त्याच्या हातातून घेऊन पुन्हा ओळीत ठेवली.

यंत्र तयार होईपर्यंत ती बाहेरच्या बाकावर डबा घेऊन बसली. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. सासूबाई, बायाक्का, रोज आठवण करायच्या, "अंगावर पाजत्येस, दाणं खा." गेल्या सालचं दाण्यांचं पोतं अजून संपलं नव्हतं. टपोरे दाणे पाहुण्यांच्या लाडवांना, काळपट सुरकुतलेले घरच्या चटणीला. टाकायचं काही नाही. स्वरूपा दोन्ही वेळेला तीच खायची.

सिद्धेशनं बाहेर येऊन चटणी बोटावर जराशी घेतली. "कडवट हाय गं."

"लसूण करपला असेल."

पहिली रेघ खालीच राहिली. दुसरी तिच्याही खाली. तिसरी पहिलीसारखीच. चौथी चढायला लागली आणि चढतच गेली. सिद्धेशनं नळी धुऊन पुन्हा लावली. रेघ पुन्हा तिथंच गेली.

"ह्ये बुरशीचं विष," तो हळू आवाजात म्हणाला. "जनावराला बुरसलेली पेंड घातली की दुधात उतरतं. तापवून जात न्हाय, भाजून जात न्हाय. लहान लेकराची वाढच धरून ठेवतंय." तो तिच्याकडे वळला. "चार म्हंजे भावकू ना?"

"भावकू दोन नंबर."

"दोन तर सगळ्यात चांगलं."

"हं."

"मग पिशवीतलं? का काकूंच्या गाईचं?"

तिनं नकारार्थी मान हलवली. फोन वाजला. बायाक्का होत्या, मागं अदिती रडत होती. "अगं, उठली बघ पोरगी. खीर तोंडाला लावून घेईना. कवा येतीस?"

"येते," म्हणून तिनं फोन ठेवला आणि पर्स छातीशी घट्ट धरली. पर्सच्या कडेनं कुर्त्यावर ओल पसरत होती.

"स्वरूपा, ऐक," सिद्धेश पडद्याकडे बघतच म्हणाला. "मालक कुणी का असंना, त्या जनावराला काय खायला घालत्यात ते आधी विचार. ते आज बंद व्हायला पायजे."

तिनं डब्याचं झाकण उघडून डबा त्याच्यापुढं ठेवला.

"भाकरी," ती म्हणाली. "आणि ही चटणी."