तटाला लागून असलेली खोली

भिवंडीच्या नारपोलीत वाढलेल्या माणसाला कापडाच्या लूमच्या खडखडाटानं जाग येत नाही. लूम थांबले की येते. माधवीबाईंचा जन्म त्यातच गेलेला.

त्या शिकवायच्या त्या शाळेला सुट्टी लागली तशी त्या एकट्याच स्पेनला गेल्या. आविला गावात दोन दिवसांचा मुक्काम होता. हॉटेल जुन्या तटबंदीला टेकलेलं, उशाकडची भिंत म्हणजे तटच. दुपारी सारं गाव दारं लावून निजलं, तशा त्याही आडव्या झाल्या. परक्या जागी त्यांना झोप यायची नाही. इथं मात्र गाढ लागली.

मग एकदम दचकून जाग आली. लाईट गेली वाटतं, असं सवयीनं मनात आलं. पण इथं लूम कुठले? मग थांबलं काय?

त्यांनी भिवंडीला आईला फोन लावला.

“आई, बरी आहेस ना?”

“मला काय धाड भरलीय? लाईट गेलीय गं, पाच मिनिटं झाली. सगळं कसं गप्प पडलंय. थांब, आली बघ!”

फोनमधून लूमचा खडखडाट सुरू झाला. माधवीबाईंनी फोन बंद करून टाकला.

खडखडाट थांबला नाही. उशाशी तट थरथरत होता, आणि त्यांच्या डोळ्यांवर पुन्हा झापड येऊ लागली.